उणे चाळीसला 'सेल्फ' का लागत नाही? बर्फावरच्या गाडीचं वायरिंग, सोप्या भाषेत

दर जानेवारीत कॅनडातून तेच फोटो येतात. पापण्यांवर साचलेलं हिम, दाराच्या आतल्या बाजूने गोठलेली कडी, आणि उकळतं पाणी हवेत भिरकावलं की खाली पडायच्या आत त्याचा धूर होतो तो व्हिडिओ. आमच्या घरच्या ग्रुपवर ताईने विचारलं, "अरे, इतक्या गारठ्यात तिकडे गाड्या चालू तरी कशा होतात?" तिचा मुलगा यलोनाइफला असतो. त्याचं उत्तर आलं, "होत नाहीत."

त्या सकाळी तिथे उणे ३८ होतं. अंगणातली त्याची स्नोमोबाइल बटण दाबलं की 'टक' करायची आणि गप्प बसायची. त्याने मला फोन लावला, कारण वाहनांच्या वायरिंगवरच माझं आयुष्य गेलं. पण गेलं सांगलीत! तिथे १० अंश झाले की लोक कानाला मफलर बांधून शेकोटीभोवती बसतात. तरीही दोन हिवाळे फोनवरून त्याची गाडी दुरुस्त करता करता ध्यानात आलं, की या गाडीत आपल्या ओळखीचं नाही असं फार थोडं आहे. थंडी नवे रोग क्वचितच आणते. जुनी, अंगावर काढलेली दुखणी ती एका रात्रीत वर काढते.

आधी गाडी समजून घेऊ

पुढे चाकांच्या जागी दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, वर मोटारसायकलसारखं हँडल. गुलमर्गला जाऊन आलेल्यांनी यावर बसून फोटो काढलेला असतो. क्यूबेकमधल्या वालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए या मेकॅनिकचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात दगावला. बर्फामुळे त्याला दवाखान्यापर्यंत नेताच आलं नव्हतं. याच माणसाने १९३७ मध्ये सात जणांची बर्फगाडी बाजारात आणली आणि १९५९ मध्ये एकट्या-दुकट्याने चालवायची छोटी 'स्की-डू'. कॅनडाच्या उत्तरेत आजही कोणत्याही कंपनीच्या गाडीला लोक सरसकट स्किडूच म्हणतात, जसं आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप डालडा असतं. तिथे ही हौसेची वस्तू नाही. मासेमारी, शिकार, सरपण, शेजारचं गाव, सगळं तिच्यावर.

यातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन टू-स्ट्रोक असतं, म्हणजे आपल्या जुन्या बजाज स्कूटरचं किंवा आरएक्स १०० चं भावंड. चालू करायचे मार्ग दोन: बॅटरीवर चालणारा सेल्फ, किंवा फवारणी पंपासारखी ओढायची दोरी. इंजिन फिरू लागलं की त्याच्या चक्रावरची चुंबकं तारेच्या वेटोळ्यांभोवती फिरतात आणि वीज तयार होते. या वेटोळ्यांच्या संचाला स्टेटर म्हणतात. सायकलचा डायनामो आठवा, तोच हा, फक्त दांडगा. त्या विजेला सरळ करून साधारण १४ व्होल्टच्या आसपास बांधून ठेवणारा डबा म्हणजे रेग्युलेटर. बॅटरी, सेल्फ, स्टेटर, रेग्युलेटर, ठिणगी देणारा प्लग आणि या सगळ्यांना जोडणारं वायरिंग. एवढी मंडळी ओळखीची झाली की पुढचं सोपं आहे.

खोबरेल तेलाची बाटली

थंडीत खोबरेल तेल थिजतं. बाटली भरलेली असते, पण उपडी केली तरी थेंब पडत नाही. तेल कुठे गेलेलं नसतं. ते बाहेर येत नाही, इतकंच. गारठलेल्या बॅटरीचं हेच होतं. आतल्या शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल यांच्यातली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून वीज साठलेली असूनही जोराने बाहेर पडत नाही. उणे १८ ला साध्या बॅटरीचा जोर जवळपास निम्म्यावर येतो आणि त्याखाली घसरतच जातो. नेमकं त्याच वेळी तेल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. म्हणजे पगार निम्मा आणि भाडं दुप्पट.

बॅटरीच्या अंगावर सीसीए म्हणून एक आकडा छापलेला असतो. उणे १८ अंशांत ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता बॅटरी किती अँपिअर देऊ शकते, ते तो सांगतो. आपल्याकडे बॅटरी घेताना हा आकडा कोणी वाचत नाही, वाचायची गरजही पडत नाही. तिकडे मात्र आधी तो बघायचा आणि मग किंमत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पूर्ण चार्ज बॅटरीतलं आम्ल उणे ५० लाही गोठत नाही. अर्धी उतरलेली बॅटरी उणे २५ च्या आसपास गोठू शकते, आणि पार उतरलेली तर उणे १० च्या आगेमागे, कारण बॅटरी उतरते तसं आम्ल पातळ होऊन पाण्याकडे झुकतं. विश्रांती घेतलेल्या बॅटरीवर मीटर लावला आणि १२.६-१२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली आकडा असेल आणि बाहेर उणे ३० असेल, तर आधी डबा बघायचा. बाजू फुगल्यात का? तडा आहे का? असेल तर तिला चार्जर लावायचा नाही, दुसऱ्या गाडीवरून जंपरही द्यायचा नाही. गोठलेल्या बॅटरीत करंट ढकलला तर ती फुटू शकते, आणि आतला हायड्रोजन पेटला तर आम्ल तोंडावर येतं. घाईत लोक नेमकं हेच करतात.

दिवा लागतो, मग सेल्फ का फिरत नाही?

भाच्याच्या बॅटरीवर १२.६ आले. हेडलाइट झकास लागत होता. "मामा, बॅटरी चांगली आहे, लाइट चांगला आहे, म्हणजे सेल्फच गेला. नवीन मागवू का?" हा प्रश्न मी सांगलीत हजारदा ऐकलाय, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा सेल्फ ठणठणीत निघालाय.

दारावरची चिंचोळी फट डोळ्यासमोर आणा. एकेक माणूस आरामात जातो, पण पिक्चर सुटल्यावर सगळं थिएटर त्याच फटीतून बाहेर पडू म्हणालं तर चेंगराचेंगरी. गंजलेला, सैल किंवा बर्फ धरलेला जोड ही ती फट. आता हिशोब करू. समजा जोडाचा अडथळा आहे एका ओहमचा शंभरावा भाग, म्हणजे जवळजवळ नाहीच. हेडलाइट ५ अँपिअर ओढतो. जोडात वाया जातात ०.०५ व्होल्ट. दिव्याला पत्ताही लागत नाही. सेल्फ १५० अँपिअर मागतो. त्याच जोडात वाया जातात दीड व्होल्ट. आधीच गारठून दबलेल्या बॅटरीतून आणखी दीड व्होल्ट गेले की सेल्फच्या हाती काय राहणार? जोड याहून खराब असेल तर फक्त 'टक' ऐकू येतं. तो आवाज सोलेनॉइडचा. बटणाच्या छोट्या करंटने सेल्फच्या मोठ्या करंटचं दार उघडणारा हा द्वारपाल. त्याने दार उघडलं, पण आत यायला कोणी नाही.

म्हणून मीटर बॅटरीवर लावून समाधान मानायचं नाही, तो जोडावर लावायचा. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्या माणसाने बटण दाबायचं. जोड चांगला असेल तर आकडा शून्याच्या जवळ हवा. भाच्याकडे साडेतीन आला. धन बाजूला असंच बघितलं, तिथे काही नव्हतं. म्हणजे चोर ऋण बाजूला, अर्थिंगमध्ये. चॅसीला जिथे अर्थची केबल बोल्टने आवळलेली असते तिथे खाली गंज आणि वर बर्फाचा पापुद्रा. बोल्ट काढला, सॅंडपेपरने दोन्ही तोंडं चकचकीत केली, पुन्हा आवळला. तीन प्रयत्नांत इंजिन लागलं. खर्च शून्य. नव्या सेल्फची ऑर्डर त्याने कार्टमध्ये टाकून ठेवली होती, ती मी त्याच्याकडून फोनवरच काढून टाकवली.

इथे आपली एक सवय सांगायला हवी. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली की आपण वरून गरम पाणी ओततो, आणि ती निघतेही. उणे ३८ ला हे केलं तर तेच पाणी काही क्षणांत जोडाच्या खाचाखाचांत गोठतं. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि प्लास्टिकच्या कपलरातल्या पिना एकमेकांपासून ढकलतं. तिथे कोरडा ब्रश वापरायचा. साफ करून आवळल्यावर वरून व्हॅसलिन किंवा इलेक्ट्रिकल ग्रीस लावायचं. ग्रीस वीज वाहत नाही, ते फक्त ओलाव्याला आत येऊ देत नाही. त्यामुळे आधी धातूला धातू घट्ट भिडायला हवा, मग ग्रीस. उलट क्रम केलेला मी पुष्कळ पाहिलाय.

"पण थंडीत तांब्यातून वीज जास्त चांगली वाहते ना?"

वाहते. शाळेतलं विज्ञान खोटं नाही. २० अंशांपासून उणे ४० पर्यंत गेलो तर तांब्याचा अडथळा जवळपास पावपट कमी होतो. तार खूश असते; तारेवरचं कपडं आणि तारेची टोकं नाखूश असतात. साधं पीव्हीसीचं वेष्टन कडक थंडीत काचेसारखं होतं. सतत वळणारं हँडल त्या तारांना रोज शेकडो वेळा मुरड घालतं. आधी वेष्टन तडकतं, मग आतले धागे एकेक करून तुटतात. धातू आणि प्लास्टिक वेगवेगळ्या प्रमाणात आकसत असल्यामुळे उन्हाळ्यात घट्ट बसलेली पिन हिवाळ्यात सैल होते. म्हणून बिघाड शोधताना नजर आधी स्टिअरिंगच्या दांड्याजवळ जायला हवी. गाडी जागेवर चालू ठेवून हँडल सावकाश डावी-उजवीकडे वळवायचं. एका बाजूला वळवताना इंजिन अडखळलं किंवा दिवा मिचकला, तर तार तिथेच दुखावलीय. तडकलेल्या तारेवर नुसती टेप गुंडाळून उपयोग नाही, कारण साध्या टेपचा गोंदही त्या थंडीत सुटतो.

चालू होते, पण मध्येच बंद पडते

या तक्रारीत निम्मे गुन्हेगार निर्दोष असतात. चालकाच्या जाकिटाला एक दोरी अडकवलेली असते आणि तिचं टोपण गाडीवर बसलेलं असतं. माणूस पडला की टोपण निघतं आणि इंजिन थांबतं. त्या टोपणात बर्फाचा भुगा शिरला की गाडीला वाटतं, मालक पडला. तेव्हा कुठलाही पाना हातात घेण्याआधी हे टोपण आणि हँडलवरचा इंजिन बंद करणारा लाल 'किल स्विच' बघायचा. आमच्या गॅरेजमध्ये एकदा गाडी ढकलत आणलेल्या माणसाचा किल स्विच बंद निघाला होता. तो बिचारा पुन्हा त्या रस्त्यानेच यायचा बंद झाला.

दुसरा प्रकार जास्त मजेशीर आहे. अनेक मॉडेलांत ॲक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो आणि त्याच्या खोबणीत एक सुरक्षा स्विच लपलेला असतो. केबलमध्ये पाणी गोठून ती अडकली, तर अंगठा सोडला तरी इंजिन भरधाव राहील. तसं होऊ नये म्हणून केबल सैल पडल्याचं कळताच हा स्विच ठिणगी तोडतो. चालकाला वाटतं, "अंगठा सोडला की गाडी बंद पडते, वायरिंग गेलं." वायरिंग आपलं काम चोख करत असतं; गोठलेली असते ती केबल. काही लोक हा स्विच तारेचा तुकडा लावून कायमचा बाद करतात. जुगाडाला मी नावं ठेवणाऱ्यातला नाही, पण झाडांच्या मधून जाणाऱ्या गाडीवर हा जुगाड म्हणजे मूर्खपणा आहे.

उरलेल्या तक्रारींसाठी एक प्रश्न खूप कामाला येतो: गार असताना त्रास, की तापल्यावर? गार असताना रुसते आणि तापल्यावर सुधारते, तर संशय बॅटरीवर, जोडांवर किंवा पेट्रोलवर. गार असताना पळते आणि अर्ध्या तासाने मरते, मग थांबून गार झाली की पुन्हा लागते, तर स्टेटरची किंवा प्लगला वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलची वेटोळी बघायची. तापल्यावर त्यांच्यातली तडकलेली तार एकमेकींपासून दूर जाते.

पेट्रोलचं नाव आलंच आहे म्हणून. ज्या तापमानाखाली पेट्रोलची पेटण्याइतकीही वाफ होत नाही ते उणे ४३ च्या आसपास आहे. थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी जास्त वाफ होणारं पेट्रोल मिळतं, पण उन्हाळ्यातलं उरलेलं टाकीत असेल तर ठिणगी उत्तम असूनही इंजिन लागणार नाही. प्लग काढून, पक्कडीने धरून, इंजिनच्या धातूला टेकवून दोरी ओढायची. सांडलेल्या पेट्रोलपासून लांब. निळी ठिणगी दिसली तर वायरिंगला दोष देणं थांबवायचं. प्लग ओला असेल तर पुसून, खिशात गरम करून परत लावायचा. हे स्कूटरवाल्या पिढीला शिकवायला नको.

नव्या गाड्यांत पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आणि कंप्युटर असतो, तिथे एक फसवणूक होते. सेल्फ फिरतो, पण फिरताना व्होल्टेज इतकं खाली जातं की कंप्युटरच झोपतो आणि ठिणगी देत नाही. माणूस प्लग बदलतो, कॉइल बदलतो. बदलायची असते बॅटरी.

डायनामोचा जमाखर्च

सायकल हळू चालवली की डायनामोचा दिवा मंद व्हायचा. स्टेटरही तसाच: इंजिन सावकाश धडधडत असताना कमाई तुटपुंजी. खर्च मात्र चालूच. हँडलच्या मुठी गरम करायच्या, अंगठा गरम करायचा, हेल्मेटची काच गरम ठेवायची, दिवा तर यलोनाइफला जानेवारीत बहुतेक वेळ लागतोच. त्यात गार बॅटरी चार्ज घेतेही अगदी नाखुशीने. मग दुकानापर्यंत पाच-सहा मिनिटं जाऊन येणारी गाडी दर फेरीला थोडी थोडी कर्जात जाते आणि आठवड्याने 'अचानक' बॅटरी उतरते. चार्जिंग तपासायला इंजिन थोडं पळवून बॅटरीवर मीटर लावायचा. १३.५ ते १४.५ च्या मधे आकडा स्थिरावला तर ठीक. १२ वरून हलतच नसेल तर आधी रेग्युलेटरचे जोड, मग स्टेटर. १५ च्या वर पळत असेल तर रेग्युलेटर गेला, बल्ब उडायच्या आत बंद करा.

लिथियम बॅटरी बसवली तर?

हलकी, ताकदवान, बऱ्याच जणांना मोह होतो. अडचण चार्जिंगची आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर धातूचा थर होऊन साचतं, आणि ते नुकसान भरून निघत नाही. वापरणारे आधी दिवा थोडा वेळ लावून बॅटरीला आतून ऊब देतात, मग सेल्फ मारतात. चालतं. पण उणे ३५ ला रात्रभर बाहेर राहणाऱ्या गाडीत मी तरी शिशाचीच, बंदिस्त एजीएम प्रकारची बॅटरी टाकेन आणि रात्री ती काढून घरात ठेवेन.

मग गाडीच घरात आणली तर?

एसी गाडीतून दादरला उतरलं की चष्मा धुरकटतो. बर्फासारखी गाडी उबदार गॅरेजमध्ये आणली की प्रत्येक कपलरच्या आत तसाच घाम येतो. पूर्ण सुकेपर्यंत आत ठेवली तर उत्तम. तासाभरात परत बाहेर काढली तर तो घाम पिनांवर गोठतो, आणि काल नसलेला बिघाड आज हजर. अर्धवट उबेपेक्षा सलग थंडी बरी.

ताईची एक शंका राहिली होती: "वाऱ्यामुळे उणे ५५ वाटतंय म्हणतो, मग बॅटरीलाही उणे ५५ च ना?" नाही. वारा गाडीला लवकर गार करतो, पण हवेच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. उणे ५५ फक्त आपल्या कातडीला 'वाटतं'.

मीटरही माणूसच आहे

याच गाड्या सियाचिनमध्ये आपले जवान वापरतात आणि अंटार्क्टिकात आपले शास्त्रज्ञही. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली होती. मैत्री आणि भारती या तिथल्या तळांचा कारभार आजही वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. उकाड्यात आयुष्य काढलेल्या मेकॅनिकला तिथे पहिला धक्का गाडीचा नसतो, स्वतःच्या हत्यारांचा असतो. मीटरचा पडदा गारठला की आकडे संथपणे, एकमेकांत मिसळत उमटतात, आणि त्याचा सेलही दगा देतो. मग खरं काय आणि खोटं काय? म्हणून मीटर जाकिटाच्या आत, छातीशी. उघड्या बोटांनी पाना धरला तर कातडी चिकटते, त्यामुळे आत पातळ हातमोजे घालून काम करायचं आणि दर दोन-तीन मिनिटांनी हात मोठ्या मोज्यांत घालायचे.

भाचा आता तळ्यावर जाताना सोबत दुसरी गाडी असल्याशिवाय निघत नाही. सुटा प्लग, ओढायची जास्तीची दोरी, दोन फ्यूज, सॅंडपेपरचा तुकडा त्याच्या डब्यात असतो. पंधरा मिनिटांत दोष सापडला नाही तर बॉनेट बंद करून शेकोटी पेटवायची आणि मदत मागवायची, हे आमचं ठरलंय. मदत मागवायचं सॅटेलाइट यंत्र तो डब्यात ठेवायचा. ते मी त्याला आतल्या खिशात ठेवायला लावलं, कारण त्यातही बॅटरीच आहे.